पहिली लढाई येईपर्यंत: संथ सुरुवातीचे जपानी गेम आणि त्यांची ठेव

सावकाश | शनिवार, सकाळी ९.१०

मागच्या आठवड्यात येथीलच दुसऱ्या एका धाग्यावर एका सदस्याने लिहिले होते की, त्यांनी पर्सोना ४ हा गेम विकत घेतला, पावणेदोन तास खेळला, तेवढ्या वेळात एकही धड लढाई आली नाही आणि म्हणून तो परत करून पैसे घेतले. त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो; नियम आहे, त्यांनी तो वापरला. मला खटकले ते निराळेच. जपानी रोल-प्लेइंग गेम, म्हणजे ज्यांना आपण सगळे जेआरपीजी म्हणतो, त्यांतल्या कित्येक चांगल्या गेमचे पहिले २ तास गाव, घर, शाळा आणि शेजारीपाजारी यांची ओळख करून देण्यातच जातात, आणि ती ओळख कशासाठी होती हे कळायला कधी २० तर कधी ५० तास लागतात. परतीची मुदत त्याच्या कितीतरी आधी संपलेली असते. अशा गेमची पारख त्या २ तासांवरून करणे म्हणजे अक्षता पडण्याआधीच पंगतीविषयी मत देण्यासारखे आहे.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो, जरी तो संयमापेक्षा नाइलाजाचा अधिक आहे. नोकरी लागल्यावर पहिल्या काही पगारांतून मी पुण्यातल्या बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून टीव्हीला जोडायचे एक वापरलेले गेमयंत्र, प्लेस्टेशन २, घेतले. सोबत फायनल फँटसी १० ची डिस्क मिळाली. खेळ कुठवर आला ते साठवणारे मेमरी कार्ड वेगळे घ्यावे लागते, हे मात्र घरी येऊन टीव्हीला सगळे जोडल्यावर कळले. महिनाअखेर होती. परिणाम असा झाला की, पुढचे जवळजवळ ५ आठवडे मी रोज रात्री तोच गेम पहिल्यापासून सुरू करत असे आणि झोपायच्या वेळी बंद करत असे. बंद केला की सगळे पुसले जाई. रोज तीच शेकोटी. एका उद्ध्वस्त शहराच्या वेशीवर ७ माणसे विस्तवाभोवती गप्प बसली आहेत, शस्त्रे बाजूला ठेवलेली आहेत, एक तरुण उठतो, एका मुलीच्या खांद्यावर हात ठेवतो, चढण चढून वर जातो आणि म्हणतो की, माझी गोष्ट ऐका. मग दिव्यांनी लखलखणारे झनारकँड शहर, स्वाक्षरीसाठी मागे लागलेली मुले, पाण्याच्या गोलात खेळला जाणारा ब्लिट्झबॉलचा सामना आणि समुद्रातून येणारे संकट. मग एक अंधारे, ओलसर मंदिर, जेथे गारगोटी आणि सुकलेला पुष्पगुच्छ शोधून जाळ करावा लागतो. मग एक जहाज, ज्यावरच्या लोकांची भाषा आपल्याला अजिबात कळत नाही. त्यानंतर कधीतरी बेसेडचा समुद्रकिनारा येई. तोवर साडेअकरा वाजलेले असत आणि वडील दिवा बंद करायला सांगत.

पुढच्या पगाराला ८ एमबीचे मेमरी कार्ड आले आणि गोष्ट किनाऱ्यापासून पुढे सरकली. काही महिन्यांनी एका रविवारी दुपारी ती सातही माणसे चालत चालत त्या उद्ध्वस्त शहराच्या वेशीवर पोहोचली, थांबली आणि त्यांनी शेकोटी पेटवली. मी पलंगावर लोळत खेळत होतो, तो उठून बसलो. हा प्रसंग मी ३० वेळा तरी पाहिलेला होता. परंतु तेव्हा ती ७ अनोळखी माणसे होती. आता त्यांतला कोण कशामुळे गप्प आहे, ती मुलगी उद्या काय करायला निघाली आहे आणि तिच्या खांद्यावर ठेवलेल्या हातात किती असाहाय्यता आहे, हे सगळे मला ठाऊक होते.

तेव्हापासून मी संथ सुरुवातीकडे ठेव म्हणून पाहतो. गेम आपल्याकडून आधी वेळ घेतो आणि काही गोष्टी आपल्या नावावर जमा करून ठेवतो. सुरुवात किती संथ आहे यापेक्षा, जे जमा केले ते पुढे व्याजासह परत मिळते का, हे पाहावे असे मला वाटते.

याचा टोकाचा नमुना म्हणजे २००० साली प्लेस्टेशनवर आलेला ड्रॅगन क्वेस्ट ७. यात पहिली लढाई येईपर्यंत २ ते ३ तास सहज जातात. आपण एका कोळ्याचा मुलगा असतो आणि आपण राहतो ते एस्टार्ड हे बेट जगातले एकमेव बेट आहे, असे सर्वजण मानत असतात. राजवाडा, कोळीवाडा, एक जुने अवशेषमंदिर आणि त्यापलीकडे नुसते पाणी. मग फुटलेल्या शिलालेखांचे तुकडे जोडत आपण भूतकाळातल्या हरवलेल्या बेटांवर जातो, आणि तेथले संकट दूर केले की ते बेट वर्तमानातल्या नकाशावर उगवते. पहिले नवे बेट त्या रिकाम्या समुद्रात उगवते तेव्हा जे वाटते, ते वाटायचे असेल तर समुद्र आधी रिकामा असायला हवा, आणि त्याचे रिकामेपण आपल्याला कंटाळा येईपर्यंत जाणवलेले असायला हवे. जपानमध्ये हा गेम ४० लाखांहून अधिक खपला. अर्थात २०१३ साली थ्रीडीएस या हातातल्या यंत्रावर तो नव्याने आला तेव्हा सुरुवातीचा भाग आखूड केला होता, म्हणजे निर्मात्यांनाही मूळचे प्रकरण थोडे जास्तच झाले असे वाटले असावे.

आपले अनुभव लिहा. रहस्यभेद होणार असेल तर कृपया आधी तशी सूचना द्या.


हिंजवडीकर | शनिवार, दुपारी १.३५

लेख आवडला, परंतु पटला नाही.

मी सकाळी ८ वाजता घर सोडतो आणि वाकडची कोंडी पार करून रात्री साडेआठला परत येतो. जेवण, मुलाचा गृहपाठ आणि घरातली चार कामे यांतून मला रोज ४० मिनिटे मिळतात. ३ तासांची सुरुवात म्हणजे माझा सोमवार ते शुक्रवार. पाच दिवस मी रोज रात्री कोळ्याच्या मुलाला गावातून फिरवायचे आणि शनिवारी त्याच्या हातून पहिला राक्षस मारायचा, हे मला आता या वयात जमणारे नाही.

वेळेचा मुद्दा सोडला तरी मूळ युक्तिवादात मला दोन त्रुटी दिसतात. पहिली अशी की, ज्याने ५० तास घातले आहेत त्याला शेवट चांगला वाटणारच. तसे वाटले नाही तर ते ५० तास फुकट गेले असे स्वतःशी कबूल करावे लागेल, आणि ते कोणी करत नाही. बुडीत खात्यात टाकण्याऐवजी माणूस त्याला ठेव म्हणतो. दुसरी त्रुटी अशी की, जे तिसऱ्या तासाला उठून गेले ते अशा धाग्यांवर लिहायला येत नाहीत. येथे जे जमतात ते सगळे पंगत उठेपर्यंत बसलेलेच असतात, त्यामुळे स्वयंपाक उत्तम होता असाच सूर लागतो.

फायनल फँटसी १३ चे उदाहरण घ्या. एका मित्राने मला छातीठोकपणे सांगितले होते की, ११ व्या प्रकरणात ग्रॅन पल्स हा मोकळा प्रदेश लागला की गेम खुलतो. एकूण प्रकरणे १३. कादंबरी देताना कोणी असे सांगितले असते तर आपण ती हातात तरी घेतली असती का?


सावकाश | शनिवार, सायंकाळी ६.०५

हिंजवडीकर, बुडीत खात्याचा आक्षेप खरोखर चांगला आहे आणि त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एक कसोटी मात्र सुचवतो. गेम संपल्यावर त्याची सुरुवात पुन्हा खेळून पाहावी. केलेल्या खर्चाची मनाला समजूत घालायची असेल, तर ती शेवटाची स्तुती करून भागते. त्यासाठी सुरुवात दुसऱ्यांदा खेळताना अधिक चांगली वाटण्याची गरज नसते. फायनल फँटसी १० ची सुरुवात मला सगळे कळल्यानंतर अधिक चांगली वाटली. फायनल फँटसी १३ ची सुरुवात मी दुसऱ्यांदा खेळून पाहिली आणि तिसऱ्या प्रकरणात सोडून दिली. म्हणजे ती ठेव नव्हती, नुसती रांग होती. तुमच्या मित्राचा सल्ला मी कोणाला देणार नाही.


चाचणीकर | शनिवार, रात्री १०.४०

मी पुण्यातच एका स्टुडिओत गेम तपासण्याचे काम करतो, त्यामुळे दिवसभर सुरुवातीच खेळतो असे म्हटले तरी चालेल. एकाच नव्या गेमची पहिली २० मिनिटे आठवड्यात ६० वेळा खेळलेल्या माणसाचे मत म्हणून पुढचे वाचावे.

या चर्चेत ‘संथ’ या एकाच शब्दाखाली निरनिराळ्या गोष्टी मिसळल्या जात आहेत. एखाद्या गेममध्ये गोष्ट संथ असते, परंतु खेळणाऱ्याचे हात मोकळे असतात; पाहिजे त्या घरात शिरावे, पाहिजे त्याच्याशी बोलावे. ड्रॅगन क्वेस्ट ७ या जातीचा. दुसऱ्या एखाद्यात गोष्ट धावत असते आणि हात बांधलेले असतात. फायनल फँटसी १३ ला मी संथ म्हणणारच नाही. तेथे पहिल्या मिनिटापासून गाड्या, गोळीबार आणि पडझड चालू आहे. परंतु पहिली २ प्रकरणे लढाई जिंकून तुमच्या पात्राची शक्ती वाढत नाही, लढाईचा खरा गाभा असलेली भूमिका बदलण्याची युक्ती ३ ऱ्या प्रकरणात हाती येते, आणि आपल्या गटात कोण असावे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य मिळायला गेमचा बराच मोठा भाग मागे पडलेला असतो. येथे खेळणारा थकतो तो वाट पाहून नव्हे, तर आपल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही या भावनेने. झेनोब्लेड क्रॉनिकल्स २ चे दुखणे आणखी वेगळे आहे. २०१७ साली आलेल्या या गेमची लढाईची रचना इतकी समृद्ध आहे की, ती एकदा अंगवळणी पडली की हात आपोआप ताल धरतात. परंतु तो १० तासांनंतरही नवी नवी सूचनापाने दाखवत राहतो, आणि एकदा दाखवलेले पान पुन्हा उघडून वाचण्याची धड सोयही त्यात नव्हती. मी तो संपवला आणि मला तो आवडतो, तरी ही शिकवण्याची पद्धत वाईट आहे असेच म्हणेन.

चांगले शिकवणे म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर थेट १९८६ सालच्या पहिल्या ड्रॅगन क्वेस्टकडे जावे. त्या काळी बहुतेक जपानी मुलांनी असा गेम कधी पाहिलाच नव्हता. माणसाशी बोलायला एक आज्ञा, पेटी उघडायला दुसरी, दारासाठी तिसरी आणि जिना उतरायलासुद्धा वेगळी आज्ञा अशी व्यवस्था होती. त्यामुळे गेमचे रचनाकार युजी होरिई यांनी गेमची सुरुवात राजाच्या बंद दालनात केली. राजाशी आणि पहारेकऱ्यांशी बोला, पेटीतून किल्ली घ्या, तिने दार उघडा, जिना उतरा. तेथून बाहेर पडलेल्या मुलाला सगळ्या आज्ञा येत होत्या आणि आपल्याला कोणी काही शिकवले, हे त्याच्या लक्षातही आले नव्हते.

मोठ्या गेममध्ये एकेक गोष्ट उशिरा हाती देण्यामागे साधे कारण असते. माणूस एका बैठकीत जेमतेम दोन-तीन नव्या गोष्टी सवयीत मुरवू शकतो. अगदी पहिल्या तासात सगळे दिले तर तो त्यांतले एकच शस्त्र धरून ठेवतो, तेच ५० तास वापरतो आणि मग लढाया एकसुरी आहेत म्हणून तक्रार करतो. अशा तक्रारी मी स्वतः नोंदवल्या आहेत.


शब्दशोधक | रविवार, सकाळी ११.२०

मी जपानी भाषेच्या भाषांतराचे काम करते, म्हणून साहजिकच ‘जपान्यांची गोष्ट सांगण्याची पद्धतच संथ असते’ हे वाक्य मला फार वेळा ऐकावे लागते. त्यात थोडे तथ्य आहे. ‘जो-हा-क्यू’ नावाची एक संकल्पना तेथील दरबारी संगीतातून नोह या पारंपरिक नाट्यप्रकारात आली आणि नाटककार झेआमी यांनी ती तपशिलाने मांडली: ‘जो’ म्हणजे सावकाश आरंभ, ‘हा’ म्हणजे त्या संथपणाचा भंग आणि ‘क्यू’ म्हणजे वेगवान शेवट. परंतु एवढ्यावरून सगळ्या जेआरपीजींचा उलगडा करू लागलो तर फसगत होते. १९९७ च्या फायनल फँटसी ७ मध्ये आगगाडी फलाटावर थांबते, नायक उडी मारून उतरतो आणि काही क्षणांत लढाई सुरू होते. तोही जपानीच आहे.

सावकाश यांच्या ठेवीच्या कल्पनेत मी एक दुरुस्ती सुचवते. ठेव ठेवण्यासाठी सुरुवात संथच असायला हवी असे नाही. १९९५ चा क्रोनो ट्रिगर आठवा. (पुढील काही वाक्यांत सुरुवातीच्या भागाचा रहस्यभेद आहे.) सकाळची घंटा वाजते, आई उठवते, आपण जत्रेला जातो आणि अर्ध्या-पाऊण तासात ४०० वर्षे मागे फेकले जातो, याला संथ कोण म्हणेल? तरीही त्या जत्रेत दुसऱ्याचा डबा तेथे ठेवलेला दिसतो आणि गेममध्ये समोर दिसेल ते उचलायची आपल्याला सवय असल्यामुळे आपण तो खाऊन टाकतो. एका लहान मुलीचे मांजर हरवलेले असते. ते आणून द्यावे किंवा देऊ नये. एका मुलीशी टक्कर होते; आधी तिची विचारपूस करावी की खाली पडलेले पदक उचलावे, हे आपल्यावर असते. परत आल्यावर आपल्यावर खटला भरला जातो आणि यांतली एकेक गोष्ट साक्षीदारांच्या तोंडून पुराव्यात येते. मी डबा खाल्ला होता. त्या न्यायालयात मी अक्षरशः ओशाळले.

संथपणाने दुसरी एक गोष्ट साधते, जी वेगवान सुरुवातीला साधत नाही, आणि ती म्हणजे सवय. तिचे सर्वांत चांगले उदाहरण माझ्या मते फाल्कॉम कंपनीचा ट्रेल्स इन द स्काय हा आहे, जो जपानमध्ये २००४ साली संगणकावर आला. एस्टेल ही तरुण मुलगी आणि तिच्या वडिलांनी लहानपणी घरी आणलेला जखमी मुलगा जोशुआ, हे दोघे ब्रेसर गिल्ड नावाच्या संघटनेत उमेदवारी करत असतात. कोणाचे काही हरवले ते शोध, जुन्या मनोऱ्यात गेलेल्या दोन पोरांना परत आण, अशी कामे. लिबर्ल हे राज्य ५ प्रांतांचे आहे आणि प्रत्येक प्रांतातल्या शाखेकडून शिफारस मिळवण्यासाठी त्यांना पायी फिरावे लागते. जगबुडीचे संकट वगैरे काही नाही. गंमत अशी की, प्रत्येक लहानमोठी घटना घडली की गावातल्या जवळजवळ प्रत्येक माणसाचे बोलणे बदलते. कोणाची प्रेमप्रकरणे, कोणाची उधारी, कोणाचे सासूशी भांडण, असे सगळे पुढे सरकत राहते. ते ऐकायचे की नाही हे तुमच्यावर. मी पहिल्याच गावात चाळीतल्यासारखी घरोघरी डोकावू लागले आणि १० तासांनी माझ्या लक्षात आले की, मुख्य गोष्टीपेक्षा मला या लोकांचीच काळजी अधिक लागली आहे. पुढे त्या राज्यावर खरोखरच आपत्ती येते तेव्हा ‘राज्य’ हा शब्द माझ्यासाठी पोकळ राहिलेला नव्हता. त्यात मला ठाऊक असलेली शेकडो माणसे होती.

जोशुआ सुरुवातीला माउथऑर्गनवर एक धून वाजवतो तेवढी लक्षात ठेवा, असे मी नव्या खेळाडूंना सांगत असते. त्यापुढे काही सांगत नाही. फक्त एवढेच की, पहिला भाग ज्या ठिकाणी संपतो त्या ठिकाणी इंग्रजीत खेळणाऱ्यांना २०११ पासून थेट २०१५ पर्यंत अडकून राहावे लागले, कारण दुसऱ्या भागाच्या भाषांतराला तेवढी वर्षे लागली. मजकूर प्रचंड आहे. भाषांतरकार म्हणून त्या मंडळींबद्दल मला केवळ सहानुभूती वाटते.


वाचनमात्र | रविवार, दुपारी ४.१५

शब्दशोधक ताईंचा प्रतिसाद अतिशय आवडला. मला हे सगळे वाचताना सवाई गंधर्व महोत्सव आठवत होता. विलंबित ख्याल अर्धा-पाऊण तास चालतो, तेव्हा नवखे लोक मंडपाबाहेर चहा आणि वडापावकडे जातात आणि द्रुत सुरू झाली की धावत आत येतात. जेआरपीजींचेही तसेच असावे.


शब्दशोधक | रविवार, सायंकाळी ७.५०

वाचनमात्र, उपमा ओढ लावणारी आहे, परंतु मला ती उलट बाजूने महत्त्वाची वाटते. विलंबित ऐकणारा जाणता श्रोता पुढे द्रुत येणार आहे म्हणून तग धरून बसलेला नसतो. त्याला विलंबितातच आनंद मिळत असतो. गंधार कसा लावला, सम कशी गाठली, यात तो रमलेला असतो. संथ सुरुवातीच्या गेमचे दोन प्रकार मी यावरूनच ओळखते. ‘थांबा, पुढे चांगला आहे’ असे ज्याच्याबद्दल सांगावे लागते तो एक. आणि ज्याच्या सुरुवातीतच राहावेसे वाटते तो दुसरा. ट्रेल्समध्ये मला कधीच ‘थांबले आहे’ असे वाटले नाही.

येथे सावकाश यांच्याशी माझा थोडा मतभेद आहे. ठेव म्हटले की आजचा उपभोग उद्यावर ढकलल्यासारखे होते.


तिसरे_वर्ष | सोमवार, रात्री १२.२५

किंगडम हार्ट्स २ चा उल्लेख कोणीच कसा केला नाही? २००५ सालचा हा गेम. मुखपृष्ठावर सोरा आहे, पहिल्या भागाचा नायक सोरा आहे, आणि गेम सुरू केल्यावर पहिले ३ तास आपल्याला खेळावे लागते ते रॉक्सस नावाच्या भलत्याच मुलाला घेऊन. त्याच्या उन्हाळ्याच्या सुटीचे शेवटचे काही दिवस उरले आहेत. मित्रांबरोबर समुद्रावर जाण्यासाठी तो किरकोळ कामे करून पैसे जमवतो, त्यांचा बटवा नाहीसा होतो, मग घंटाघरावर बसून सगळे खारट-गोड आइसक्रीम खातात. दिवस संपला की पडद्यावर कसलीशी टक्केवारी वाढलेली दिसते. शाळेत असताना मावसभावाकडे हा गेम प्रथम खेळलो तेव्हा मी इतका वैतागलो होतो की, ‘दादा, तू हा भाग पार कर आणि सोरा आला की मला बोलाव,’ असे त्याला सांगून मी क्रिकेट खेळायला निघून गेलो होतो. नंतर महाविद्यालयात आल्यावर स्वतः पूर्ण खेळलो. ती टक्केवारी कशाची आहे हे ज्या क्षणी कळले, त्या क्षणापासून ती वाढू नये असे वाटू लागले, आणि सहाव्या दिवशी ज्या सोराची मी वाट पाहत होतो त्याचाच मला राग आला. हे अर्ध्या तासात झाले नसते. त्या मुलाचे कंटाळवाणे दिवस आपणही कंटाळून काढलेले असावे लागतात.

एक प्रामाणिक तक्रारही नोंदवतो. मधला चेन ऑफ मेमरीज हा भाग गेम बॉय ॲडव्हान्स या हातातल्या यंत्रावर आला होता. तो ज्याने खेळला नाही, त्याला या सुरुवातीतले निम्मे कळतच नाही. याला संयम काय करणार?


हिंजवडीकर | सोमवार, रात्री ९.४५

एवढे सगळे वाचल्यावर ज्या गेमवरून हा धागा सुरू झाला तोच, म्हणजे पर्सोना ४ (त्याची गोल्डन ही वाढीव आवृत्ती), घेऊन पाहावा असे वाटू लागले आहे. माझी ४० मिनिटांची अडचण मात्र कायम आहे. अशा बैठकीत हा गेम खेळता येतो का? जुन्या गेममध्ये ठरावीक ठिकाणीच खेळ साठवता येत असे, आणि एकदा गुरुवारी वीज गेल्यामुळे माझी अडीच तासांची मेहनत पाण्यात गेली होती. तेव्हापासून मी गुरुवारी काहीच महत्त्वाचे खेळत नाही.


चाचणीकर | सोमवार, रात्री ११.१०

गुरुवारचा नियम सर्व पुणेकरांनी पाळावा.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की, हातात धरायच्या यंत्रावर खेळा. स्टीम डेक, स्विच किंवा तत्सम यंत्र झोपवले की गेम आहे त्या वाक्यावर थांबतो आणि दुसऱ्या दिवशी तेथूनच पुढे सुरू होतो. माझ्या मते या एका सोयीने संथ सुरुवातींचे जेवढे भले केले, तेवढे कोणत्याही समीक्षकाने केले नाही. ३ तासांची सुरुवात दूरचित्रवाणीसमोर एका बैठकीत करायची म्हटले की जिवावर येते. तीच बसमध्ये आणि जेवणानंतर तुकड्यातुकड्यांनी सहज होते. पर्सोना ४ गोल्डन तर २०१२ साली मुळात व्हिटा या हातातल्या यंत्रासाठीच निघाला होता, आणि त्याची रचनाही दिनदर्शिकेप्रमाणे एकेका दिवसाची आहे. ४० मिनिटांत त्यातले काही दिवस होतात.

आता गेम जलद पळवण्याची सोयही अनेक पुनःप्रकाशनांत असते. तिला कमी लेखू नका, फक्त ती लढायांपुरती वापरा. माणसे बोलत असताना वेग वाढवला तर या प्रकारच्या गेममधले जे खरे आहे तेच गाळले जाते.

आणि पर्सोना ४ मध्ये अगदी सुरुवातीला मामा तुम्हाला स्थानकावरून घेऊन जाताना पेट्रोल पंपावर थांबतात. तेथे काम करणारी व्यक्ती तुमच्याशी हात मिळवते. एवढे पाहून ठेवा. याहून अधिक येथे कोणी लिहिले तर संपादकांनी तो प्रतिसाद उडवावा.


सावकाश | मंगळवार, सकाळी ८.३०

शब्दशोधक यांचा मतभेद मी मान्य करतो. फायनल फँटसी १० ची ती सुरुवात मी ५ आठवडे रोज खेळलो तेव्हा शेकोटीचे पुढे काय होणार हे मला ठाऊक नव्हते, म्हणजे ठेवीच्या आशेने मी खेळत नव्हतो. गारगोटी आणि पुष्पगुच्छ शोधून त्या अंधाऱ्या मंदिरात जाळ पेटला की दरवेळी बरे वाटत असे, एवढेच कारण होते. हे मी मूळ लेखात लिहायला हवे होते.


हिंजवडीकर | पुढील आठवड्यातील रविवार, रात्री १०.०५

कळवायचे कबूल केले नव्हते, तरी कळवतो. ८ दिवसांत साधारण ५ तास झाले. पेट्रोल पंप पाहिला, हात मिळवला, काही कळले नाही. इनाबा नावाचे आडगाव आहे, पाऊस पडत असतो, आणि पावसाळी रात्री बारा वाजता बंद टीव्हीमध्ये काहीतरी दिसते अशी अफवा आहे. पहिली खरीखुरी भटकंती सुरू व्हायला माझे जवळजवळ ४ दिवस गेले. माझे मूळ मत पूर्णपणे बदललेले नाही. शाळेतले काही संवाद निम्मे केले असते तरी चालले असते, आणि एकच गोष्ट तीन पात्रे तीनदा सांगतात तेव्हा मी जांभया देतो.

मात्र एक गोष्ट मला अनपेक्षित होती. यंत्र टीव्हीला जोडून मी दिवाणखान्यात खेळतो, तेव्हा आई बाजूला बसून मेथी निवडत असते. पहिल्या संध्याकाळी मामा, म्हणजे तो पोलीस अधिकारी, जेवायला बसतो आणि फोन आला म्हणून उठून जातो; त्याची लहान मुलगी नानाको टीव्हीवरची दुकानाची जाहिरात पाहत जेवते आणि पुढेही संध्याकाळी बहुधा एकटीच घरी असते. मी हा भाग दोन बोटांनी बटण दाबत पार करत होतो. आईने मला मध्येच थांबवून त्या मुलीला आई नाही का, असे विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही, कारण मी नीट वाचलेच नव्हते. तेव्हापासून नानाको पडद्यावर आली की मी बटण सावकाश दाबतो आणि आईला मराठीत सांगत जातो.

काल मला यायला सव्वानऊ झाले. जेवण झाल्यावर गेम सुरू केला, तर आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, “तो पोलीस आज तरी वेळेवर घरी आला का रे?” मी सांगितले की अजून नाही, तेथे एप्रिलच चालू आहे.